साडेसात ओहमचा रोस्टर

आर्डिस क्वामीची नोकरी वीज सहकारी संस्थेच्या मागच्या खोलीत, बिघडलेले मीटर तपासण्यात गेली. निवृत्तीनंतर ती गप्प बसली असती तर आजारी पडली असती. म्हणून चर्चच्या तळघरात ऑक्टोबरात होणाऱ्या जेवणाची वीज गावाने तिच्या गळ्यात घातली. नॉर्थ डकोटातल्या त्या टीचभर गावात जेवणाला अख्खा परिसर लोटतो. बायका घरोघरचे विजेचे रोस्टर, म्हणजे मांस भाजायची झाकणाची मोठी भांडी, आणतात, आणि तळघरातले फ्यूज अजून आजोबांच्या काळचे. कोणाचा रोस्टर कुठल्या सॉकेटला लागणार, हे आर्डिस ठरवायची. तिच्यापुढे पाद्र्याचंही चालत नसे.

तिची रीत ठरलेली. रोस्टरच्या बुडाला मालकिणीच्या नावाची चिकटपट्टी असतेच. कंपनीने छापलेल्या वॅटना एकशेवीस व्होल्टने भागून आर्डिस त्या पट्टीवर अँपियर लिहायची. फ्यूज पंधरा अँपियरचा, बेरीज त्याच्या आत ठेवायची, संपला विषय.

लव्हॉन ही तिची भावजय. धाकटा भाऊ ऑर्लिन दोन वर्षांपूर्वी छातीच्या दुखण्याने गेला. लव्हॉनचे खिम्याचे गोळे म्हणजे त्या जेवणाचा मान, पण गेली तीन वर्षं ते तळाला जळत होते. कोणी चकार शब्द काढला नाही. ही माणसंच तशी. घर पेटलं तरी आधी ‘आज जरा उबदार वाटतंय, नाही?’ म्हणतील. सगळे काळी बाजू काढून खायचे आणि ‘चव वेगळीच आहे हो’ म्हणून रुमालाला तोंड पुसायचे. आर्डिसही त्यातलीच.

लव्हॉन काही आंधळी नव्हती. ताटांत उरलेले काळे तुकडे तीच तर खरवडून टाकत होती. ऑर्लिनचं दुखणं सुरू झालं आणि आपला स्वयंपाकाचा हात गेला, असं तिने मनाशी धरलं. यंदा तिने पाद्र्याला सांगून टाकलं, की हे शेवटचं वर्ष, पुढे गोळे दुसऱ्या कोणीतरी करावेत. हे आर्डिसच्या कानावर आलं. त्या गोळ्यांशिवाय लव्हॉनला घराबाहेर काढणारं दुसरं काही उरलं नव्हतं.

जेवणाच्या आदल्या शनिवारी सगळे रोस्टर लावून बघायचे असतात. लव्हॉन शेजारी उभी होती, आर्डिसने पहिला तिचाच लावला. एकटाच. थोड्या वेळाने फ्यूज उडाला.

‘‘अकरा अँपियरचं भांडं पंधराचा फ्यूज खातं कसं?’’ आर्डिस करवादली. इतकी वर्षं फ्यूज उडाला की ती शेजारी लावलेल्या कॉफीच्या विजेच्या पिंपाला शिव्या घालायची.

तिने रोस्टर स्वयंपाकघरातल्या वीस अँपियरच्या जाड तारेवर लावला आणि मीटर धरला. व्होल्ट एकशेवीस, अँपियर सोळा. व्होल्टला अँपियरने भागलं की रोध, म्हणजे साडेसात ओहम. छापील आकड्यांवरून तो अकराच्या आसपास हवा होता. दोन्ही आकडे गुणले की शक्ती, ती आली एकोणीसशे वीस वॅट. छापलेले होते तेराशे वीस. तिने प्लग काढला, भांडं निवू दिलं आणि बूड उघडलं. आतली तापणारी कॉइल तुटली होती. कोणीतरी तुटका भाग कापून टाकून उरलेली टोकं ओढून एकत्र पिळली होती. तार आखूड, म्हणून रोध कमी, म्हणून आच जास्त. पीळ घट्ट आणि नेटका होता. असा पीळ ती लहानपणापासून बघत आली होती.

‘‘लव्हॉन, हा ऑर्लिनने दुरुस्त केला होता?’’

‘‘हो, आजारी पडला त्या हिवाळ्यात. म्हणाला, बघ, आता आधीपेक्षा लवकर तापतो. खूष होता बिचारा.’’

‘‘लवकर तापतो म्हणजे काय, जवळजवळ दीडपट तापतो! ह्याची बटणं दोनच, कमी आणि जास्त. तू जुन्या सवयीने दोन तास ठेवत राहिलीस. तुझा हात ठीक आहे गं. माझ्या भावाने कॉइल कापली.’’

लव्हॉनने वाकून तो पीळ पाहिला. मग तिचा आवाज चढला. त्या तळघरात कोणाचा आवाज चढलेला कोणी ऐकला नव्हता.

‘‘म्हणजे तुला माहीत होतं जळतात ते?’’

‘‘सगळ्यांनाच माहीत होतं.’’

‘‘आणि तीन वर्षं गिळत राहिलीस? ऑर्लिनही घरी खायचा, छान झालेत म्हणायचा! एकाने जरी तोंड उघडलं असतं, तर तू हे बूड तेव्हाच उघडलं असतंस ना?’’

‘‘असतं,’’ आर्डिस म्हणाली. तिला लाज वाटली, आणि ती लपवायला तिच्याकडे काही नव्हतं. तो पीळ ठेवता येणार नाही, आग लागेल, एवढंच तिने सांगितलं आणि आपल्या हत्यारपेटीतली पूर्ण लांबीची नवी कॉइल बसवली. मीटरने अकरा अँपियर दाखवले.

लव्हॉनने तिथेच थोडा खिमा मळला, गोळे वळले, दोन तास ठेवले. झाकण काढलं तेव्हा ते सगळीकडून सारखे तांबूस होते. तिने एक बशीत घातला आणि आर्डिसच्या पुढ्यात आदळला.

‘‘खा. आणि खरं बोल, नाहीतर ह्या स्वयंपाकघरात परत पाऊल ठेवू नकोस.’’

आर्डिसने खाल्ला. डोळे भरून आले होते, तरी तिने सावकाश चावला.

‘‘मीठ कमी आहे,’’ ती म्हणाली.

‘‘आहेच मुळी,’’ लव्हॉन म्हणाली आणि मिठाच्या डब्याकडे वळली. ‘‘पाद्र्याला फोन कर. म्हणावं, पुढच्या वर्षीही गोळे मीच करणार.’’