हर्षवर्धनचा बारमाही धबधबा

हर्षवर्धनला कधी रस्ता विचारावा लागत नाही. त्याला सगळं माहीत असतं. वालीवला प्लास्टिकची झाकणं बनवणाऱ्या कारखान्यात तो सुपरवायझर आहे. विरारला चौथ्या मजल्यावर त्याचं घर. तिथे बायको आणि कायझर नावाचा हस्की कुत्रा. बर्फातलं जनावर. त्याला दिवसा पंखा लावायचा नाही, हे शास्त्र हर्षवर्धनने स्वतःच शोधलेलं. "सवय लागते," तो म्हणतो. लागली की नाही, हे कायझरला कोणी विचारलं नाही.

सुमेध त्याच इमारतीत राहतो. वयाने सहा वर्षांनी लहान. बाइक त्याला हर्षदादानेच शिकवली. पहिल्या नोकरीचा अर्जही त्याच्याच शब्दावर केला.

जानेवारीतल्या एका रविवारी हर्षवर्धनने सुमेध आणि कायझरला घेऊन सहल ठरवली. चांदीप गावाच्या मागच्या डोंगरातला धबधबा. "बारमाही आहे. मला विचारा."

होळी गावचा त्यांचा मित्र केल्विन हसला. "जानेवारीत? काय सांगतो बाबा!" तरी आला. सोबत त्याची गावठी कुत्री होती. पावासारख्या रंगाची, म्हणून नाव पाव.

पायथ्याशी एक म्हातारा शेळ्या राखत बसला होता. हर्षवर्धन एकटाच त्याच्याशी बोलून आला.

"फुल पाणी आहे म्हणतोय. बाटल्या गाडीतच ठेवा. ओझं कशाला?"

दीड तासाने धबधबा आला. म्हणजे कडा आला. कोरडा, काळा. खाली वाळलेलं शेवाळ आणि पावसाळ्यातल्या हौशी मंडळींची चिप्सची पाकिटं. कड्यानेच वेळ पाळली नाही, अशा नजरेने हर्षवर्धनने त्याच्याकडे पाहिलं.

"वरच्या टप्प्यात असेल."

बारा वाजत आले होते. दगड तापले होते. कायझरची जीभ लोंबत होती, गडद लाल. धाप थांबेना. मग तो आडवाच झाला.

"नाटक करतो." हर्षवर्धनने पट्टा ओढला. कायझर नुसता दगडावरून घसरला.

"अरे, मरेल तो!" केल्विन ओरडला.

"हस्की आहे. तुझ्या त्या पाव कुत्रीसारखा रस्त्यावरचा नाही."

तेवढ्यात कोरड्या ओढ्याच्या खालच्या वळणावरून पाव आली. तिचं तोंड ओलं होतं. सुमेधच्या ते लक्षात आलं. त्याने आणि केल्विनने कायझरला उचललं आणि वळणाकडे धाव घेतली.

"चुकीच्या बाजूला चाललात!" हर्षवर्धन मागून सांगत होता.

वळणापलीकडे एक बाई वाळूत खणलेल्या झिऱ्यापाशी बसली होती. वाडगाभर पाणी साचलं की हंड्यात ओतायचं, मग पुन्हा वाट बघायची. हंडा पाऊण भरला होता. तिने कुत्र्याकडे पाहिलं आणि काही न विचारता हंडा कलंडवला. पोटावर, पंजांवर. उरलेलं वाडग्यातून पाजलं.

"धबधब्याला आलाव?" मग तिने विचारलं. "खाली माझा घरवाला बसलाय शेल्या घेऊन. तेनं सांगला नाय, पानी नाय म्हणून?"

सुमेध मागून आलेल्या हर्षवर्धनकडे वळला.

"हर्षदादा, त्याने सांगितलं होतं?"

"तुमचा मूड कशाला घालवायचा? आणि या लोकांना धबधब्यातलं काय कळतं?"

"नाय बाबा," बाई म्हणाली. "आमाला काय कलनार. आमी निसता पितो पानी."

केल्विन फिस्सकन हसला. सुमेधला हसू आलं नाही. एवढ्या वर्षांत या माणसाने आणखी काय काय सांगितलं होतं, ते त्याला एकेक आठवू लागलं.

तासाभराने कायझर उठला. पाय थरथरत होते. हर्षवर्धनने पट्ट्यासाठी हात पुढे केला.

"यांचा हंडा भरून दे," सुमेध म्हणाला. "मग ने."

"माझा कुत्रा आहे."

"हंडा भर."

हर्षवर्धनने झिऱ्याकडे पाहिलं, स्वतःच्या पांढऱ्या बुटांकडे पाहिलं. "मी गाडी जवळ आणतो," म्हणाला आणि उतरू लागला. गाडी जवळ यायला तिथे वाटच नव्हती.

सुमेधने पट्टा मनगटाला गुंडाळला आणि बाईच्या हातातून वाडगा घेतला. झिऱ्याच्या तळाशी नुसती ओल होती. तो वाट बघत बसला. कायझर त्याच्या शेजारी ओल्या वाळूत पोट टेकून पडला.