नोएडाच्या मातीत पुणेरी पावलं

थंडीत दिल्लीला जाणारी माणसं स्वेटर आणि रजया बांधून नेतात. आम्ही पावलं बांधून नेली होती.

त्याचं असं झालं. देशाची धोरणं बदलत होती आणि सरकारने नुकतीच एक योजना काढली होती. देशाच्या सुरक्षेसाठी लागणारी यंत्रं आता छोट्या कारखान्यांनीही शोधून काढावीत, असा तिचा अर्थ. आमचा कारखाना इतका छोटा की दोघं एकदम शिंकले तर तिसऱ्याने बाहेर जावं. मालक इनामदार सर एरवी फ्रीजचे स्टॅबिलायझर बनवत. त्यांनी भिंतीजवळ जमिनीत पुरायच्या डब्या तयार केल्या. कोणी चालत आलं की डबी जमिनीतली थरथर टिपायची, यंत्र तो ठेका माणसाचा आहे की जनावराचा हे ठरवायचं आणि माणसाचा असेल तर भोंगा वाजवायचं. माणसाचा ठेका कसा असतो हे त्याला शिकवायला आम्ही पुण्याजवळ भोसरीच्या मुरमाड अंगणात महिनोन्‌महिने चाललो होतो. सर, त्यांच्या पत्नी, हिशेब बघणारे जोशी आणि मी. ती सगळी पावलं कॅसेटवर भरून सर आणि मी रेल्वेत बसलो.

मी गंगाखेडची. घरातली पहिली पदवीधर. सरांनी मला कामावर घेतलं तेव्हा माझं इंग्रजी ऐकून त्यांनी फक्त चष्मा पुसला. हे मी विसरणार नाही. दिल्लीच्या चाचणीत यंत्र उतरलं तर पुढच्या टप्प्याची मदत मिळणार होती. नाही तर सर परत स्टॅबिलायझर करणार आणि मी परत गंगाखेडला जाणार, हे आम्ही दोघंही एकमेकांना सांगत नव्हतो.

दिल्लीत मयूर विहारला सरांची चुलतबहीण विद्याताई राहतात. सोसायटीत तिसरा मजला, समोर बाग, आणि थंडीमुळे बाहेर धुकं असं की समोरची इमारत अजून बांधायचीच आहे असं वाटावं.

"अगं शोभा, लाजू नकोस, मूली के पराठे (मुळ्याचे पराठे) घे. बिल्कुल गरम आहेत," विद्याताई म्हणाल्या.

"चपला उंबरठ्याशीच ठेवल्यात," सर म्हणाले.

"उंबरठा म्हणजे?" त्यांच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीने, मानसीने विचारलं.

"अरे यार, दहलीज!" विद्याताईंनी तिला समजावलं. सरांनी घास खाली ठेवला. सीमेवरच्या कुठल्याही धोक्याने त्यांचा चेहरा इतका पडला नसता.

धुकं विरल्यावर चार्टर्ड बसने आम्ही नोएडाला गेलो. तिथे गावांना नावं नाहीत, सेक्टरला आकडे आहेत. शेवटच्या पुऱ्या झालेल्या सेक्टरच्या पलीकडे पिवळीधमक सरसों (मोहरी) आणि तिच्यात मधोमध पाट्या: इथे आलिशान फ्लॅट होणार. अजून एकही फ्लॅट नव्हता, पण कुंपणाच्या भिंती मात्र सगळीकडे उभ्या होत्या. त्यातल्याच एका सरकारी भिंतीजवळ आमची चाचणी होती. परवा समिती येणार होती, तिच्याच परवानगीने आज तालीम.

माती हाताला पिठासारखी लागली. मुरूम नावाला नाही. आवाज क्षीण येईल म्हणून सरांनी यंत्राचं बटण वाढवलं आणि स्वतः भिंतीकडे चालत गेले. ताठ मान, झपझप पाय. भोंगा वाजला. सरांनी समाधानाने हात झटकले.

मग घुसखोर म्हणून तिथल्या चौकीदाराला, रामफलला, पाठवलं. रामफल निघाला. चार पावलं चालला आणि थांबला. उन्हाकडे तोंड करून शाल सारखी केली. पुन्हा थोडा चालला. वाटेत एक सायकलवाला भेटला. "और सुना भाई, गेहूँ (गहू) कैसा है?" गव्हाची चौकशी झाली, सायकलवाल्याच्या भावाचीही झाली. आम्ही कानाला हेडफोन लावून बसलो होतो. यंत्र गप्प. मी यंत्राच्या काट्याकडे बघत राहिले, आणि मागून आवाज आला, "साहब, चाय लोगे?"

रामफल भिंत ओलांडून आमच्या पाठीमागे उभा होता.

"हा माणूस चालतच नाहीये!" सर मराठीत ओरडले. "हा नुसता पोहोचतोय!"

रामफलला काय झालं ते कळलं नाही, पण चहा घेऊन आला.

यानंतर सरांनी जे केलं ते फक्त पुण्याचा माणूसच करू शकतो. त्यांनी यंत्राला हात लावला नाही. त्यांनी रामफलला चालायला शिकवायला घेतलं. "सीधा चलो. रुकना नहीं. लेफ्ट, राइट." बिचारा थोडं अंतर सरळ जाई आणि मग कोणी ओळखीचं दिसलं की थांबे. त्या भागात त्याच्या ओळखीचं नसलेलं कोणीच नव्हतं.

मला राहवलं नाही. "सर, घुसखोर काही पुण्याहून येणार नाही."

परतीच्या बसमध्ये सर आमच्या पावलांची कॅसेट मांडीवर धरून बसले. मी खिडकीतून अर्धवट इमारती बघत बसले आणि मनातल्या मनात गंगाखेडची बसही पकडून झाली.

सकाळी मात्र त्यांनीच डब्या माझ्यापुढे ठेवल्या. "वाघमारे, इथली पावलं कुठे मिळतील?"

मी सोसायटीच्या बागेतच डब्या पुरल्या. दुपारी धूप (ऊन) आली की तिथे सगळ्या बायका जमत. विणकाम, शेंगदाणे, गजक (तीळगुळाची खुसखुशीत वडी), आणि मधूनमधून बागेला फेरी. ती फेरी म्हणजे काय सांगू! पाच पावलं, मग सुनेबद्दल एक वाक्य. सून महत्त्वाची असेल तर दोन.

"बेटा, इससे क्या पता चलेगा?" एका आजींनी विचारलं.

"कोण येतंय ते, आंटीजी."

"वो तो मैं यहीं बैठे बता दूँ," त्या म्हणाल्या आणि शेजारणीकडे बघून डोळे मिचकावले. "चोर तो इसका दामाद है." शेजारणीने लोकरीचा गुंडा त्यांच्या अंगावर फेकला. यंत्राने तोही टिपला.

त्या पावलांवरून मी आणि सरांनी यंत्राचा स्वभाव बदलला. मधला थांबा त्याने माफ करायचा आणि पुढचं पाऊल पडेपर्यंत वाट बघायची. सर दर खेपेला पुटपुटत, "काय ही शिस्त!", पण बटण फिरवत.

ठरल्या दिवशी समिती आली. अध्यक्ष दहिया साहेब, जाडजूड, कोटाच्या खिशात शेंगदाणे. रामफल निघाला, थांबला, शाल सारखी केली, कुणाला तरी रामराम घातला. भोंगा वाजला. मी सरांकडे बघितलं. ते आकाशाकडे बघत होते. दुसऱ्यांदाही वाजला.

तिसऱ्यांदा वाजला तेव्हा रामफल आमच्या शेजारी उभा होता. सगळे भिंतीकडे वळले. सरसोंमधून एक नीलगाय (घोड्याएवढं थोराड हरिण) आरामात चरत, थांबत, इकडेतिकडे बघत येत होती. अगदी सोसायटीतल्या बायकांसारखी.

मी भोंगा बंद केला. थांबायची सूट मीच दिली होती.

"इसका गेट पास देखो भाई," दहिया साहेब म्हणाले. समिती हसली. मग त्यांनी शेंगदाणे खिशात टाकले. "परसों क्या हाल था?"

सर काही बोलायच्या आत मी सांगून टाकलं. परवा रामफल यंत्राला दिसलाच नव्हता, कारण आम्ही फक्त आमचीच पावलं आणली होती.

"और अब गाय भी दिखती है." त्यांनी सरांकडे बघितलं. "दो दिन में इतना सीख गए, तो अगला चरण (पुढचा टप्पा) दे रहे हैं. लेकिन देश सिर्फ पूना नहीं है, इनामदार जी. गाँव-गाँव की चाल लेकर आइए. नीलगाय की भी."

परतीच्या गाडीत सर मथुरेपर्यंत एकेक डबी पुसून पिशवीत भरत होते. मग म्हणाले, "वाघमारे, सुरुवात तुमच्या गावापासून करा." त्यांच्या तोंडून ही माफीच होती, आणि कदाचित बढतीही.

परका कोण हे ओळखायला निघालो होतो आणि आपलेच किती जण आपल्या हिशेबात नव्हते, हे मला नोएडाच्या त्या पिठासारख्या मातीत कळलं. गंगाखेडला पोचल्याबरोबर मी अंगणात डब्या पुरल्या आणि आईला म्हटलं, "रोजच्यासारखी आडापर्यंत पाण्याला जाऊन ये." सरकारचं काम म्हटल्यावर आईने इरकल नेसलं, पदर डोक्यावर घेतला आणि लग्नातल्या विहिणीसारखी एकेक पाऊल तोलून टाकत निघाली.

"अशी नाही गं! रोज चालतेस तशी चाल. देशाच्या सुरक्षेचं आहे."

आई थांबली, खड्डा चुकवला आणि म्हणाली, "रोज कशी चालते ते बघायचंय ना सरकारला? मग त्यालाच घेऊन ये की. हंडा मी देते."