सातव्या काठीपासून चाळीस पावलं

भीमराव अण्णा गेल्याचं मला दोनदा कळलं. पहिल्यांदा कमला वैनींचा तंजावूरहून फोन आला तेव्हा. त्या एवढंच म्हणाल्या, "कॉफी मागितली होती, मी घेऊन येईतो..." दुसऱ्यांदा, दोन दिवसांनी, तिथल्या एका निसर्ग-न्यासाने वर्तमानपत्रात दिलेल्या श्रद्धांजलीतून. 'हजारो झाडे लावणारा वृक्षप्रेमी हरपला.' मी पुण्यात वर्षानुवर्षं वृत्तपत्राच्या टेबलावर इतरांचा मजकूर तपासला आहे. या मजकुरात नाव, वय, गाव बरोबर होतं. चूक एकच होती आणि ती मथळ्यात होती. माझ्या या मामेभावाने आयुष्यात एकही झाड लावलं नव्हतं. लावायचं नाही, हेच त्यांचं काम होतं.

अण्णा ओरत्तनाडूच्या कचेरीत भूमापक होते. आमची घराणी मराठ्यांच्या राज्यात तिकडे गेली आणि तिथलीच झाली. घरात मराठी, बाहेर तमिळ, आणि लिहायचं ते तमिळ लिपीत. देवनागरी वाचणारे आता थोडेच. नोकरीत असताना काटेरी झुडपं, गवताळ माळ, उथळ तळी, जिथे भात पिकत नाही ते सगळं अण्णांनी दप्तरात 'पडीक' म्हणून लिहिलं. नियमच तसा होता. एकदा पडीक लिहिलं की तिथे निलगिरी लावायला, माती उपसायला वाट मोकळी होते. "त्या जागांवर खोकडं होती, सुभद्रे," ते एकदा मला म्हणाले. "मी मोजणीची साखळी ओढत गेलो की पळायची. मी त्यांच्या घरावर पडीक लिहून आलो."

निवृत्तीनंतर, वाट्याला आलेल्या जमिनीवरची निलगिरी त्यांनी मुळासकट काढली आणि तिथे काठ्या रोवल्या. कावेरीकाठी भाताच्या शेतांत शेतकरी आडवी फांदी बांधलेल्या काठ्या उभ्या करतात. कोतवाल पक्षी त्यांवर बसतो आणि पिकातले किडे टिपतो. अण्णांनी तीच युक्ती उघड्या तांबड्या मातीत नेली. बुलबुल, तांबट काठ्यांवर बसू लागले, त्यांच्या विष्ठेतून बिया पडल्या, आणि काठ्यांखाली करवंद, बोर, पुढे खिरणीसुद्धा उगवली. मधलं गवत त्यांनी तसंच मोकळं राहू दिलं. शेजारचे शेतकरी सायकल थांबवून विचारायचे, "काय राव, काठ्या पेरल्यात? कापणी कधी?" अण्णा सांगायचे, "पाखरं कामावर ठेवलीत. त्यांना विचारा." सहाव्या वर्षी खोकडाची मादी परतली. त्या दिवशी हा पासष्टीचा माणूस कमरेची वेष्टी खोचून सायकल दामटत घरी आला आणि दारातूनच ओरडला, "आली गं, आली!" वैनींना वाटलं, नणंद आली. त्यांनी कॉफीचं पाणी वाढवलं.

नाव झालं तसे दाते येऊ लागले. पहिला प्रश्न ठरलेला असे, किती झाडं लावली? "एकही नाही," अण्णा म्हणत, आणि पाहुणे एकमेकांकडे बघत. एकदा फोटोसाठी त्यांना हातात रोपटं घ्यायला सांगितलं. त्यांनी काठी धरली. तो फोटो कुठेही छापून आला नाही. मूलबाळ नव्हतं, म्हणून अखेर त्यांनी ती जमीन न्यासाला दान केली, आणि इथेच ते चुकले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या जमिनी बोटभर फरक न ठेवता मोजणाऱ्या या माणसाने 'इथे काही लावायचं नाही' ही अट दानपत्रात घातलीच नाही. मी फोनवर चिडले तेव्हा म्हणाले, "दिलेल्या वस्तूला अट कशी लावायची? त्यांनी तोंडाने कबूल केलंय की." आमच्या लोकांची ही जुनी खोड. तिथल्या राजांनी अन्नछत्रं बांधली, वाटसरूंना जेवू घातलं. पानावर बसलेल्याला तू कोण असं विचारणं आमच्यात अजून हलकं मानतात. पान कोणी पळवून नेलं तरी.

चौदाव्या दिवशी न्यासाचे व्यवस्थापक भेटायला आले. मी तिथेच होते. दोन मिनिटं हळहळून त्यांनी नकाशा उलगडला. 'भीमराव स्मृतिवन.' रांगेत रोपं, फरसबंद वाट, मध्ये चबुतरा, त्यावर अण्णांचा अर्धपुतळा.

"आणि तिथे राहतात ती?" वैनींनी विचारलं.

"कोण, अम्मा? रिकामी जागा आहे ती. तिथे काही असल्याची नोंदच नाही कुठे."

वैनी आत गेल्या आणि वह्यांचा गठ्ठा घेऊन आल्या. अण्णा रोज लिहीत असत. व्यवस्थापकांनी वरची वही उघडली. त्यांचे ओठ हलले, मग कपाळाला आठी पडली. लिपी तमिळ होती, भाषा आमच्या घरातली मराठी. "अक्षरं लागतायत, अम्मा... पण कळत काहीच नाही."

"त्या जागेचंही तुमचं तसंच झालंय," वैनी म्हणाल्या. त्यांनी वही हातातून घेतली आणि मोठ्याने वाचली, "सातव्या काठीपासून ईशान्येला चाळीस पावलं. खोकडाचं बीळ. पिल्लं दोन. जवळ जायचं नाही." वाचता वाचता त्या त्यांना तमिळमध्ये सांगत होत्या. मी नकाशावर बोट ठेवलं. तिथे चबुतरा होता.

"हलवता येईल का बघतो," व्यवस्थापक म्हणाले. पुतळा हलवणार की खोकडं, ते त्यांनी सांगितलं नाही.

दान घेणाऱ्याने दात्याचं काम पुसून टाकावं आणि पुसलेल्या जागी त्याचंच नाव कोरावं, याला मी श्रद्धांजली म्हणणार नाही. 'पडीक' या ज्या शब्दाचं ओझं अण्णा वागवत होते, तोच शब्द त्यांच्या जमिनीवर त्यांच्याच स्मरणार्थ पुन्हा लिहिला जातो आहे. मी त्या वह्या तमिळमध्ये उतरवून न्यासाला आणि जिल्हा कचेरीला दिल्या आहेत. उत्तर आलेलं नाही. रस्त्याच्या बाजूने खड्डे मात्र खणून झाले आहेत. सातव्या काठीपर्यंत ते अजून पोहोचलेले नाहीत, म्हणून हे आजच लिहिते आहे.

खड्ड्यांच्या वाटेत आलेल्या काठ्या मजुरांनी उपटल्या. न्यासाने त्यांची मोळी बांधली आणि 'दिवंगतांचं सामान' म्हणून घरी पोचवली. वैनींनी त्यातली एक परसात रोवली. मी निघाले त्या सकाळी तिच्या आडव्या फांदीवर एक बुलबुल बसला होता. वैनी खराटा घेऊन केर काढत आल्या, काठीभोवतीची हातभर जागा सोडून पुढे गेल्या. मी बघते आहे हे त्यांच्या लक्षात आलं.

"तेवढं झाडत नाही मी," त्या म्हणाल्या. "त्यांचं काम चाललंय."