मैनराडची वेळेवरची गाडी

आमच्या तळ्याकाठच्या रेल्वेचा इतिहास म्हणजे गार्ड मैनराड शेल्बर्टच्या घराण्याचा इतिहास. आजाने रूळ टाकले, बापाने सिग्नल ओढले, मैनराडने जन्मभर शिट्टी फुंकली.

रेल्वे बांधली हॉटेलवाल्यांनी, पाहुण्यांसाठी. पाहुणे आले आणि बोटीत जाऊन बसले! मग काठाने डांबरी रस्ता झाला, लोकांनी मोटारी घेतल्या. गाडीत उरलो आम्ही, डोंगरावरच्या ओबरहाल्डेन वाडीतले, चीज घेऊन बाजाराला जाणारे.

वेळ पाळण्याचं वेड साऱ्या स्वित्झर्लंडला आहे, पण मैनराडचं काही विचारू नका. सख्खी बहीण बाळंतपणाला निघालेली, तिच्या तोंडावर त्याने दार लावलं. "लवकर निघायचं होतंस," म्हणे! तरी पोराचं नाव मैनराडच ठेवलं त्या बिचारीने.

पुढे वरच्या साहेबांनी ठरवलं, रेल्वे तोट्यात आहे, मोडीत काढा. आमच्याकडे असलं काही परस्पर होत नाही. सगळ्यांनी रविवारी खाली झेविल गावच्या मैदानात जमायचं आणि मत द्यायला हात वर करायचे. मोटारवाले विरोधात, आमची वाडी बाजूने. मैनराड दारोदार फिरला. माझ्या स्वयंपाकघरात बसून रडला हो! "गाडी गेली तर मी कोण गं, रोझली?"

मतदानाच्या रविवारी सकाळी पाद्रीबाबांनी प्रवचन दिलं. विषय, रेल्वे वाचवा! असा रंग चढला की बाबा थांबेचनात. शेवटी झेविलची गाडी गाठायला अख्खी वाडी उतारावरून पळत निघाली. मी फलाटाच्या पायरीशी पोचले होते. "अरे मैनराड, आम्हीच आहोत!" मी ओरडले. त्याने आमच्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि फुंकली शिट्टी.

रिकामी गाडी झेविलला अगदी वेळेवर पोचली. रेल्वे हरली ती मूठभर हातांनी. आम्ही त्याहून पुष्कळ जास्त होतो.

"दिसलो नाही का रे तुला?" संध्याकाळी मी त्याला विचारलं.

"दिसलात. पण वेळ झाली होती."

आता पिवळी बस आहे. परवा मी आत बसले होते, तर मैनराड काठी टेकत, धापा टाकत येताना दिसला. बस उभीच. चढल्या चढल्या ड्रायव्हरवर डाफरला, "वेळ टळून गेली! थांबलास कशाला?"

"तुम्ही येताना दिसलात ना, आजोबा."

मैनराड माझ्याशेजारी येऊन बसला. आमचा जुना फलाट मागे पडेपर्यंत त्याने मान वर केली नाही. बोलायला माझ्याकडे पुष्कळ होतं, वर्षानुवर्षं साठवलेलं. मी रुमाल दिला. मेल्याने तो अजून परत केलेला नाही.