पाणी मारलेली जागा

ती दुपार मी विसरलेलो नाही. विसरायची सोयच नाही, कारण त्या प्रकरणाच्या फायलीत साक्षीदारांच्या आणि पंचांच्या सह्यांबरोबर माझीही एक सही आहे, आणि ती गुन्हा घडण्याच्या आठ दिवस आधीची आहे.

मी तेव्हा चाकण पट्ट्यातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी निरीक्षक होतो. हद्दीत कारखाने, गोदामं, ट्रकांच्या रांगा आणि लग्नं. लग्नांना कायद्यात वेगळं कलम नसलं, तरी बंदोबस्त सगळ्यांत जास्त तिथेच लागतो. पूर्वी नवरदेव घोड्यावरून यायचा, मग उघड्या जीपमधून येऊ लागला. पुढे जमिनी कंपन्यांना गेल्या आणि नवरदेव हेलिकॉप्टरमधून येऊ लागला. अंतर तेवढंच राहिलं, वेशीपासून मांडवापर्यंतचं.

मे महिना, दुपारचे साडेबारा. ठाणे अंमलदार धावत आत आला. "साहेब, माळावरच्या लग्नात हेलिकॉप्टरनं मांडव पाडला."

आम्ही पोचलो तेव्हा निम्मा मांडव जमिनीवर होता. लोखंडी खांब पडून एक मांडव कामगार जखमी झाला होता. मराठवाड्यातून कामासाठी आलेला तरुण, डोक्याला मार, शुद्ध नाही. त्याला रुग्णालयात हलवलं होतं. हेलिकॉप्टर शेजारच्या, कांदा काढून मोकळ्या झालेल्या रानात सुखरूप उभं होतं. आतले तिघंही सुखरूप होते, नवरदेव, त्याची बहीण आणि वैमानिक. वैमानिक बाई होत्या, पंचेचाळिशीच्या. हेलिकॉप्टरपेक्षा लोकांना त्याचंच जास्त नवल वाटत होतं.

नवरदेवाच्या चुलत्यांना सगळं गाव तात्या म्हणत असे. पांढरे कडक कपडे, फेटा, आणि छातीवर 'स्वागतोत्सुक' असं लिहिलेला बिल्ला. स्वतःच्या घरच्या लग्नात यजमानाने बिल्ला का लावावा, हे मला आजवर उमगलेलं नाही.

"साहेब, बाईला उतरवता न्हाई आलं," तात्या म्हणाले. "खाली आली, घाबारली, अन् परत वर नेलं. त्या वाऱ्यानं मांडव गेला. लिवून घ्या."

लिहून घेतलं. निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल झाला, हेलिकॉप्टरभोवती दोर बांधून शिपाई बसवला, विमान वाहतूक खात्याला कळवलं. उतरण्याच्या जागेचा पंचनामा केला. चुन्याची फक्की उडून गेली होती, पण चार कोपऱ्यांचे झेंडे उभे होते. तिथून मांडव मोजला, पन्नास मीटरच्या आत. परत गाडीत बसलो तेव्हा माझे बूट घोट्यापर्यंत धुळीने पांढरे झाले होते. त्या धुळीकडे मी तेव्हा नीट पाहिलं असतं, तर दोन दिवस वाचले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून वरून फोन सुरू झाले. अटक का नाही? तात्यांच्या मांडवात मोठमोठी माणसं येऊन गेली होती, आणि त्यांतली बरीचशी फोन करू शकत होती. मी उद्या संध्याकाळपर्यंतची मुदत मागून घेतली आणि कॅप्टनबाईंना चौकशीला बोलावलं.

त्या मूळच्या चिंचवडच्या. वडील एका कारखान्यात लेथवर कामाला होते. खुर्चीत ताठ बसल्या, पण टेबलावरचे दोन्ही हात क्षणभरही स्वस्थ नव्हते. बोटं सारखी केसभर इकडे, केसभर तिकडे. माणूस तोंडाने खोटं बोलतो पण हातांना ते जमत नाही, हा माझा तीस वर्षांचा अनुभव. मी टिपणवहीत लिहिलं, 'हात अस्थिर.'

"मॅडम, उतरायला आलेलं हेलिकॉप्टर तुम्ही परत वर का नेलं?"

"साहेब, ते वर राहतं कशामुळे, हे आधी सांगू का? नाहीतर माझं उत्तर तुम्हाला सबब वाटेल."

जबाबाचा एक कोरा कागद त्यांनी ओठांखाली धरला आणि त्यावरून फुंकर मारली. खाली लोंबणारा कागद उचलला जाऊन आडवा झाला.

"विमानाचा पंख हेच करतो. हवेला वळवून खाली ढकलतो, म्हणून स्वतः वर उचलला जातो. पण त्यासाठी विमानाला धावावं लागतं, धावपट्टी लागते ती म्हणून. हेलिकॉप्टर एका जागी उभं राहतं आणि त्याचे पंख गोल धावतात. डोक्यावरची ती पाती म्हणजे पंखच."

जबाब लिहिणारे आमचे हवालदार राजगुरुनगरकडचे, निवृत्तीला आलेले, शंका मनात न ठेवणारे. म्हणाले, "व्हय मॅडम, पण वरची पाती गरगर फिरत्यात, तर खालचा डबा का फिरत न्हाई?"

बाईंनी पहिल्यांदा हसून माझ्याकडे पाहिलं. "साहेब, तुमची खुर्ची द्याल?"

माझी खुर्ची फिरती होती, पाठीवर पांढरा टॉवेल. तिच्यावर दुसऱ्या कोणी बसायचं नाही, हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, म्हणूनच तो कधी मोडला नव्हता. मी उठलो. हवालदार संकोचाने बसले, पाय उचलले, आणि बाईंच्या सांगण्यावरून दोन्ही हातांत आडवी धरलेली लाठी त्यांनी जोरात उजवीकडे फिरवली. टॉवेलसकट खुर्ची डावीकडे वळली.

"आयला!" हवालदार म्हणाले, आणि माझ्याकडे बघून उभे राहिले.

"डबाही असाच उलटा फिरू बघतो. शेपटीवरचा छोटा पंखा त्याला धरून ठेवतो. त्याचा ताबा माझ्या दोन पायांत असतो. डाव्या हातातल्या लिव्हरने सगळ्या पात्यांचा कोन एकदम वाढतो, की ते वर जातं. उजव्या हातातल्या दांड्याने वरचं चक्र कलतं, जिकडे कललं तिकडे जातं. आता गंमत बघा. लिव्हर उचलला की डबा फिरू लागतो, म्हणून पाय हलवायचे. पाय हलवले की ते कडेला सरकतं, म्हणून दांडा हलवायचा. दांडा हलवला की उंची बदलते, म्हणून पुन्हा लिव्हर. विमान हात सोडले तरी थोडा वेळ आपलं आपण सरळ जातं. हे नाही जात. एका जागी स्थिर दिसतं ना, तेव्हा आम्ही सर्वांत जास्त काम करत असतो."

मी त्यांच्या हातांकडे पाहिलं. बोटं तशीच चालली होती, केसभर इकडे, केसभर तिकडे. खोटेपणाचं लक्षण म्हणून मी टिपून ठेवलं होतं ते वीस वर्षांच्या कामाचं वळण होतं. मी वहीतली ती ओळ खोडली. ठाण्यात बसून सात-आठ फुटांच्या खोलीत एखाद्या गोष्टीने भारावून जाण्याचे प्रसंग कमी येतात. तो एक होता.

"आता त्या दिवसाचं सांगा."

"धूळ उठली आणि जमीन दिसेनाशी झाली. जमीन दिसली नाही, की आपण स्थिर आहोत की कडेला सरकतोय हे कळत नाही. सरकताना हेलिकॉप्टरचा एक पाय टेकला, तर ते त्याच पायावर आडवं होतं. पाती जमिनीला लागून तुटतात आणि तुकडे गोळ्यांसारखे सुटतात. बाहेर शेकडो माणसं होती. म्हणून वर."

"आणि वर जायला?"

"तेवढी जास्त हवा खाली फेकावी लागते. दुपारच्या उन्हात हवा विरळ, म्हणून जोर आणखी जास्त. फुकट वर जाता येत नाही, साहेब."

"मांडव दिसत होता?"

"धुळीत काहीच नाही. पण दिसला असता, तरी मी वरच गेले असते."

हवालदारांचं पेन थांबलं. हे वाक्य बाईंच्याच विरुद्ध जाणारं होतं, आणि कोणी विचारलेलंही नव्हतं. खोटं बोलणारा माणूस असली भेट देत नाही.

"आणखी एक लिहा," त्या म्हणाल्या. "वरून पाहताना जागा मांडवाच्या जवळ वाटली होती. खालच्या माणसाला वायरलेसवर विचारलं. तो म्हणाला, हीच जागा, पाणी मारलंय, धूळ उठणार नाही, या. मी ऐकलं. तेवढी चूक माझी." मग जरा थांबून म्हणाल्या, "अटक झाली तर परवाना रोखतील. पुढेमागे सुटेलही, पण तोवर माझं उडायचं वय निघून गेलेलं असेल."

त्या दुपारी ठाण्याच्या फोनवर एक निनावी फोन आला. माझ्याशीच बोलायचं म्हणाला. तरुण आवाज, मागे यंत्रांची घरघर.

"साहेब, टँकरवाल्याला विचारा, पाणी कुठं मारलं ते." एवढंच बोलून त्याने फोन ठेवला.

टँकरवाला तासाभरात सापडला. "दोन टँकर मारले की! सकाळी, चुन्याच्या गोलावरच. खोटं वाटत असंल तर चला दाखवतो."

दोन टँकर पाणी, आणि माझे बूट धुळीने पांढरे! आम्ही माळावर गेलो. मांडवाकडे पाठ करून तो सरळ पलीकडच्या टोकाला चालत गेला. तिथे माती वाळून तिची खपली धरली होती, टँकरच्या चाकांच्या चाकोऱ्या उमटल्या होत्या, आणि त्या खपलीत पांढरं वर्तुळ आणि मधलं इंग्रजी एच अक्षर घट्ट चिकटून बसलं होतं. कोरड्या जागेवरचा चुना वाऱ्याबरोबर उडून गेला होता. पाणी पिऊन मातीत बसलेला हा चुना राहिला होता; ओला असताना मातकट होऊन तो वरून दिसला नसेल, वाळल्यावर पांढरा उठला होता. मांडवापासून अंतर भरलं जवळजवळ दीडशे मीटर. पंच बोलावून फोटोसह पंचनामा केला. पाणी मारल्यानंतर कोणीतरी जागा बदलली होती. प्रश्न उरला कोणी, एवढाच.

ठाण्यात परतून मी परवानगीची फाईल मागवली. आमच्याच ना-हरकत दाखल्याला नकाशा जोडलेला होता, आणि त्यात उतरण्याची जागा माळाच्या पलीकडच्या टोकालाच होती. खाली अटी होत्या. चौथी अट अशी: 'उतरण्यापूर्वी पोलीस अंमलदार जागेची समक्ष खात्री करील.' त्याखाली माझी सही. त्या कामाला नेमलेला शिपाई लग्नाच्या दिवशी सकाळी मीच कमानीपाशी हलवला होता, कारण एक बडे पाहुणे येणार होते आणि त्यांच्या गाडीला वाट हवी होती. चौथी अट मी सही करताना वाचलीही नव्हती.

हवालदारांनी नकाशा पाहिला, सही पाहिली, आणि माझ्यासाठी चहा सांगितला.

तिसऱ्या दिवशी सकाळी तात्यांना पुरवणी जबाबासाठी बोलावलं. जागा कोणी हलवली, असं सरळ विचारलं असतं तर ते दहा माणसांची नावं घेऊन उठले असते. माणूस चोरी लपवतो, लाच लपवतो. स्वतःची हौस मात्र त्याला लपवता येत नाही.

"तात्या, झालं ते वाईट झालं," मी म्हणालो. "पण व्यवस्था मात्र नंबर एक होती हो. मी बरीच लग्नं पाहिली. स्टेज, कमान आणि हेलिकॉप्टर एकाच फोटोत बसेल, अशी मांडणी कुठे पाहिली नाही."

तात्या खुलले. "साहेब, त्या शूटिंगवाल्याला कुठं सुचतंय! तो म्हनं, हेलिकॉप्टर लई लांब हाय, फ्रेममध्ये बारकं माशीएवढं दिसतंय. आमी म्हनलं, मग लांब कशाला ठेवायचं? उचला झेंडे, आना हिकडं! पाच मिनटात नवा गोल मारून..."

तिथे ते थांबले. तात्यांनी वर पंख्याकडे पाहिलं, मग हवालदारांच्या पेनाकडे.

"लिवलं का काय?"

"व्हय तात्या," हवालदार म्हणाले. "शब्दाला शब्द."

"आमच्या घरचं पयलं लगीन हुतं, साहेब," तात्या हळू आवाजात म्हणाले. त्या क्षणी ते मला पहिल्यांदा खरे वाटले.

पोलिसापुढचा कबुलीजबाब कोर्टात टिकत नाही. साक्षीदार हवा होता. शूटिंगवाला आणि वायरलेसवरचा माणूस, दोघंही 'आठवत नाही' म्हणत होते. दुपारी नवरदेव एकटाच ठाण्यात आला, कंपनीचा गणवेश अंगावर, पहिली पाळी संपवून; मांडव पडला त्या संध्याकाळीच लग्न साधेपणाने उरकून तो दुसऱ्या दिवशी कामावर गेला होता. परवा तात्यांच्या शेजारी बसून त्याने 'काही दिसलं नाही' असा जबाब दिला होता. आवाज ऐकताच मी ओळखलं. फोन याचाच होता.

"मला खरा जबाब द्यायचाय," तो म्हणाला. "उडण्याआधी तात्यांचा फोन आला होता. जागा जवळ घेतलीय, एंट्री झकास होईल म्हणाले. मी मॅडमना सांगितलं नाही. मला वाटलं, त्यात काय एवढं."

"तात्या काय म्हणतील?"

"तात्यांनी मला खांद्यावर बसवून वाढवलंय, साहेब." तो खाली बघत राहिला. "पण त्या धुळीतून मला नि माझ्या बहिणीला बाहेर काढलं ते मॅडमनी. त्यांना आत टाकून मी संसार कसा सुरू करू?"

त्याच्या जबाबानंतर बाकीच्या दोघांची स्मरणशक्ती परत आली. कॅप्टनबाईंची अटक टळली. जागेची खातरजमा न केल्याबद्दल विमान वाहतूक खात्याने त्यांना ताकीद दिली, ती त्यांनी निमूट घेतली. दोषारोपपत्र तात्यांवर गेलं. जखमी तरुण पाचव्या दिवशी शुद्धीवर आला आणि पुढे कामालाही लागला, पण उन्हात फार वेळ उभा राहू शकत नाही. चौथ्या अटीबद्दल मी स्वतःच वरिष्ठांना लेखी कळवलं. माझ्या सेवापुस्तकात त्याची नोंद आहे, आणि ती तिथे असणं योग्य आहे.

हेलिकॉप्टर सोडण्याचा आदेश आला त्या सकाळी मी मुद्दाम कांद्याच्या रानात गेलो. बाईंनी आम्हाला लांब उभं केलं. पाती फिरू लागली, वेग वाढला, कांद्याची वाळकी पात भिरभिरत उठली. मग ते अवजड धूड जमिनीपासून पुरुषभर उंच झालं आणि तिथेच थांबलं, जणू टांगून ठेवलं होतं. काचेआड त्यांचे हात दिसत होते, केसभर इकडे, केसभर तिकडे. त्या केसभर हालचालींवर ते सगळं वजन हवेत उभं होतं. शाळेत असताना पाऱ्याचा थेंब पहिल्यांदा पाहिला होता, तसा मी बघत राहिलो.

मग नाक किंचित खाली गेलं, ते पुढे निघालं आणि उचललं. त्याच क्षणी खालचा वारा आमच्यावर आदळला. माझी टोपी उडाली आणि मी वाफ्यांतून तिच्यामागे धावलो. निरीक्षकाने टोपीमागे धावू नये, असा लेखी नियम नाही. हवालदार तोंड फिरवून हसत होते.

टोपी हातात घेऊन वर पाहिलं तेव्हा हेलिकॉप्टर बोटाएवढं झालं होतं. वर जाणारा जेवढ्या जोराने वर जातो, तेवढ्याच जोराचा वारा खाली उभ्या असलेल्यांवर पडतो, हे मी त्या रानात शिकलो. बाईंना ते ठाऊक होतं, आणि त्या जागा पाहून, विचारून उडत होत्या. तात्यांना ठाऊक नव्हतं. मला ठाऊक असायला हवं होतं, माझं कामच ते होतं.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी एकाही ना-हरकत दाखल्यावर टेबलाशी बसून सही केली नाही. जागेवर जायचो, मांडवाच्या खांबापाशी जिथे कामगार उभे राहतात तिथे उभा राहायचो, आणि सगळ्या अटी मोठ्याने वाचून घ्यायचो. चौथी दोनदा.