फिटर आण्णांची बशी

फिटर आण्णा पाणसळ वापरत नसत. तळ सपाट आहे की नाही ते बघायचं असलं की बशीत काठोकाठ चहा ओतायचे, बशी खाली ठेवायचे आणि गुडघ्यांवर हात टेकून वाकून बघायचे. चहा कुठल्या काठाकडे झुकला ते कळलं की बशी उचलून फुर्र करून प्यायचे. "चहा खोटं न्हाई बोलत," म्हणायचे. माझ्याकडे पुण्याहून नेलेली डिजिटल पाणसळ होती. तिचं आणि बशीचं कधी वाकडं आलं नाही, हे मी मात्र त्यांना सांगत नसे.

आम्ही कोकणातल्या खाडीसाठी तरंगती घरं आखत होतो. वीज छतावरच्या सोलरची, पाणी पावसाचं साठवलेलं, संडास कोरडा. पहिलं नमुन्याचं घर शांत पाण्यावर तपासायचं म्हणून डिंभे धरणाच्या फुगवट्यावर आणलं. आण्णा साखर कारखान्यातून निवृत्त झालेले. मूळ गाव धरणात गेलेलं, म्हणून काठावरच वर घर बांधून राहिलेले. जोडकामाला त्यांना घेतलं, तेव्हा त्यांनी आमचे नकाशे सावकाश बघितले. "लाईट न्हाई, नळ न्हाई, रस्ता न्हाई. आमी असंच ऱ्हायचो की, म्याडम. तुमी त्याला डिझाईन म्हणता व्हय?"

बॅटऱ्या मी मागच्या भिंतीला लावल्या होत्या. घर पाण्यावर लोटल्यावर चहा बशीतून मागे सांडला. "मागं उलाळ झालंय," आण्णा म्हणाले. बैलगाडीत मागे जास्त माणसं बसली की जू वर उचललं जातं, तसं. बॅटऱ्या मध्ये आणायला दोन दिवस गेले. त्या दोन दिवसांत ते मला म्याडमऐवजी ताई म्हणायला लागले. चूक झालेल्या माणसाशी त्यांचं लवकर जमायचं.

खरी चूक डिसेंबरात कळली. कालव्याला आवर्तन सुटलं, धरणाचं पाणी उतरलं, आणि काठाजवळ बांधलेलं आमचं घर एका अंगाने जमिनीला टेकून कललं. कपाटातली भांडी खाली आली. लाटा, वारा, पाऊस यांचा हिशेब माझ्या फायलीत होता. पाणी जाईल, याचा एक कागदसुद्धा नव्हता. आणि खाडीत तर रोज ओहोटी. आण्णा कललेल्या दारात उभे राहून म्हणाले, "ताई, घराला तरंगाय शिकवलंत. बसाय न्हाई शिकवलं."

मग त्यांनी जुन्या लोखंडी पाइपांचे चार पाय केले, खाली रुंद पत्रे लावून. पाय कडेला लावायचे की हातभर आत, यावर आमचं चांगलंच वाजलं. त्यांनी आतच लावले. "वजन आत येतं," एवढंच कारण दिलं. काठाजवळ दोनदा घर बसवून बघितलं. दोन्ही वेळा बशी हलली नाही. पुढे त्यांनी घर खोल पाण्यात नेऊन बांधलं. समोरचा सुळका आणि काठावरचं आंब्याचं झाड एका रेघेत आलं, तिथेच नांगर टाकला. मला वाटलं, तिथे वारा कमी लागत असेल.

आमची परवानगी फेब्रुवारीअखेरपर्यंत होती. घर सुटं करून कोकणात न्यायच्या आधी आण्णा म्हणाले, "मे पातुर ऱ्हाऊ द्या की. बसायचं तपासू."

"तपासलं की आण्णा. दोनदा."

"हां. मंग ठीक हाय."

एका पानाचा अर्ज केला असता तर मुदत वाढली असती. मी केला नाही. कोकणातली तारीख ठरलेली होती.

मेमध्ये मला त्यांची गरज पडली. खाडीतलं घर ओहोटीला नीट बसेना. मी त्यांना न्यायला गेले, तर दारात काकू होत्या, त्यांची बायको. "ते घरी गेल्यात," त्या म्हणाल्या. मी त्यांच्याच घराच्या पायरीवर उभी होते. काकूंनी खाली बोट दाखवलं. धरण आटलं होतं आणि भेगाळलेल्या गाळाच्या मधोमध एक दगडी जोतं उघडं पडलं होतं.

मी उतरून गेले. आण्णांनी जोत्यावरचा गाळ खरवडून काढला होता. चार ठिकाणी चार सपाट दगड बसवले होते आणि चौथ्यावर बशी ठेवून ते वाकून बघत होते. मी नुसत्या नजरेने अंतर मोजलं. आमच्या घराच्या चार पायांचं अंतर ते. मागे वळून पाहिलं. सुळका आणि आंबा एका रेघेत होते.

"सांगितलं का नाही, आण्णा?"

"तुमचं काम व्हतं ते. ही माझी हौस." त्यांनी बशी उचलली. "येक सांजच्याला म्या आन ही दारात बसलो असतो, झालं."

मला स्वतःची लाज वाटली. पुढच्या वर्षी घर इथे आणू, असं मी म्हणाले. त्यांनी बशी माझ्यापुढे केली. "प्या. गार व्हईल."

आठवड्याने ते कोकणात आले, काकूंना घेऊन. एका पायाखाली दोन बोटं पत्रा वाढवला आणि ओहोटीची वाट बघत दोघं दारात पाय सोडून बसले. पाणी गेलं. घर सावकाश चिखलावर टेकलं. बशी भरून खाली ठेवली, ती चारी बाजूंनी सारखी.

"बसलं," आण्णा म्हणाले. मग उघड्या पडलेल्या खाडीकडे बोट केलं. "हितं रोज दोनदा मे म्हैना येतोय की."

"येतोय," काकू म्हणाल्या. "पर खाली आपलं जोतं न्हाई."

आण्णांनी बशी उचलून त्यांच्यापुढे केली. त्याच पावसाळ्यात ते गेले, धरण भरायच्या आत.

आता कुठल्याही धरणावर घर तपासायचं असलं, की मी परवानगी मेअखेरपर्यंतची मागते. अर्जात कारणाची एक ओळ असते. तिथे लिहिते, बसणं तपासायचं आहे.