मिनेकोचं शांत रक्त

जपानात, कोमात्सुला स्टेशनमागच्या सलूनमध्ये मिनेको हिराइवा आणि मी केस कापायला शेजारशेजारच्या खुर्च्यांपाशी उभ्या असायचो. तिला ताकायासू होता. या आजारात शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच मोठ्या रक्तवाहिन्यांवर उठते. त्या सुजतात, अरुंद होतात. निदान झालं तेव्हा तिचं लग्न नुकतंच झालं होतं. "लग्न टिकलं नाही, आजार टिकला," असं ती हवापाणी सांगावं तसं सांगायची.

सूज किती, ते रक्तातल्या सीआरपी नावाच्या प्रथिनावरून कळायचं. आकडा चढला की स्टिरॉइडच्या गोळ्या वाढायच्या, तिचा चेहरा फुगायचा. मग दर आठवड्याचं इंजेक्शन सुरू झालं आणि सीआरपी शून्यावर येऊन बसला. डॉक्टर खूश झाले. मिनेकोलाही आनंद झाला असेल. दिसला मात्र नाही.

त्या हिवाळ्यात गिऱ्हाइकाचे केस वाळवताना तिचा डावा हात मध्येच खाली यायला लागला.

"दुखतो का गं?" मी विचारलं.

"दुखत नाही. भरून येतो. माझा नाहीच असं वाटतं."

"मग डॉक्टरांना सांग की!"

"काय सांगू? रक्त चांगलंय."

खुर्चीतल्या हात्सुए आजी करवादल्या, "अगं, केस वाळवतेस की अंगणातला बर्फ वितळवतेस?" सगळ्या हसल्या. मिनेकोही हसली, जरा उशिराने.

शेवटी मीच तिला ओढत दवाखान्यात नेलं. नव्या आलेल्या डॉक्टर कुरिमोतोबाईंनी तिचं डावं मनगट बराच वेळ धरून ठेवलं. नाडी लागेना.

"हे इंजेक्शन सीआरपी तयार करायला सांगणारा निरोपच अडवतं," त्या म्हणाल्या. "आत आग असली तरी आकडा शून्यच दिसणार."

"म्हणजे मी बरी नव्हतेच?"

"ते त्या आकड्याला सांगताच येत नव्हतं. दुसरं एक प्रथिन तपासू. त्याच्यावरही डोळे झाकून विसंबायचं नाही, स्कॅन करूच."

ते प्रथिन वाढलेलं निघालं. स्कॅनमध्ये हाताची धमनी दोऱ्यासारखी दिसली. खाली कँटीनमध्ये मला रडू आवरेना. मिनेकोने तिचा उदोनचा, रश्श्यातल्या जाड शेवयांचा वाडगा शेवटच्या घोटापर्यंत संपवला आणि हात पुसायचा कागद माझ्याकडे सरकवला.

औषध बदललं. धमनी उघडली नाही, पण आणखी आवळलीही नाही. कात्री तिने सोडली. आता ती बेसिनपाशी डोकी धुते. तिथे हात वर धरावा लागत नाही. तपासणीला गेली की रिपोर्ट उघडायच्या आधी डॉक्टरबाईंपुढे मनगट धरते. काय वाटतं, विचारलं तर म्हणते, "काही नाही गं. गार लागतात त्यांची बोटं."